आधी दिशा ठरवा

वर फेकलेली वस्तू खाली येते ही गोष्ट आमच्या साडूंइतकी मनापासून या जगात कोणाला पटलेली नसेल, आणि त्या एका गोष्टीपायी स्वतःचं एवढं वाटोळंही कोणी करून घेतलं नसेल. तुम्हाआम्हाला वस्तू खाली आल्याशी मतलब असतो. आंबा पडला, उचलला, संपलं. साडूंना तो किती सेकंदांनी पडला, पडताना किती वेगात होता आणि मुळात तो कोणत्या फांदीवरून निघाला हे कळल्याशिवाय आंबा गोड लागत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहायला नाशिकला आडगाव नाक्यापाशी, आणि रोज सकाळच्या एसटीने चांदवडच्या अलीकडे एका गावातल्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायला जातात. मी त्यांना सर म्हणतो, ते मला पाहुणे म्हणतात. मी ओझरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. माझ्या ताब्यातल्या वस्तू रॅकवर ठेवल्या की ठेवल्या जागी राहतात, म्हणून तर मी ही नोकरी टिकवू शकलो. अशा माणसाला नातेवाईक म्हणून हा गृहस्थ मिळावा, हे माझ्या पत्रिकेतच असणार.

एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं वणीच्या गडाला निघालो होतो. सीबीएस स्टँडवर ही गर्दी. गाडी फलाटाला लागायच्या आत लोक खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, टोप्या टाकून जागा धरत होते. मी रुमाल काढला तर साडूंनी माझा हात धरला. म्हणाले, "नुसता रुमाल नको. हवा त्याला अडवते, समीकरण बिघडतं." मग त्यांनी खिशातून फळा पुसायचा लाकडी डस्टर काढला. हो, देवदर्शनाला निघालेल्या माणसाच्या खिशात डस्टर होता. तो रुमालात गुंडाळला, गाठ मारली, खिडकीची उंची डोळ्यांनी मापली, स्वतःशी काहीतरी पुटपुटले आणि फेकला. खोटं कशाला बोलू, नेम अचूक होता. रुमाल सुंदर कमान करून खिडकीतून आत गेला आणि ठरवलेल्या सीटवर नेमका उतरला. त्या सीटवर दुसऱ्या दारानं येऊन कोणीतरी बसलेलं असू शकतं, ही अट मात्र समीकरणात धरलेली नव्हती. त्या गृहस्थांच्या टकलावर टेंगूळ आलं. साडूंनी त्यांची माफी मागितली, पाणी दिलं आणि दिंडोरी येईपर्यंत त्यांच्याशेजारी उभं राहून वेग जरा जास्त असता तर तोच डस्टर त्यांच्या डोक्यावरून कसा सुखरूप गेला असता हे समजावून सांगितलं. आम्ही सगळे वणीपर्यंत उभे होतो.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याच्या लोखंडी दाराला कुलूप असतं, म्हणून खाली कोणी आलं की गॅलरीतून त्याची किल्ली टाकायची आमची पद्धत आहे. एकदा बायकोनं किल्ली टाकली आणि खाली उभे असलेले साडू ती झेलायची सोडून दोन पावलं मागे सरकले. किल्ली त्यांच्यासमोरून गेली आणि थेट गटाराच्या जाळीत पडली. मी धावत खाली गेलो तर हे घड्याळाकडे बघत उभे. "वाटेत हात घातला असता तर शेवट कळला नसता, पाहुणे," ते म्हणाले. शेवट मला कळला होता. किल्ली करणाऱ्याला बोलवावं लागलं आणि तोपर्यंत मी दाराच्या आत जिन्यात आणि ते दाराबाहेर पायरीवर बसून राहिलो.

पण या सगळ्याहून मला छळणारी त्यांची सवय म्हणजे दिशा ठरवण्याची. कुठलंही गणित सोडवायच्या आधी फळ्यावर एक बाण काढायचा आणि ठरवायचं की वर धन की खाली धन. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत बदलायचं नाही. हे गणितात ठीक आहे. साडू ते सगळीकडे करतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून गळत होतं. त्यावरून तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याचं जिन्यात जोरदार भांडण लागलेलं असताना साडू आले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "आधी दिशा ठरवा. तुम्ही वरून बोलताय, हे खालून बोलतात. दोघांची चिन्हं वेगळी आहेत, म्हणून उत्तर जुळत नाही." आम्ही दोघांनी मिळून त्यांनाच झापलं. भांडण मात्र मिटलं, हे कबूल करायला पाहिजे. बाईंनी पुढच्या आठवड्यात प्लंबर आणला.

शिकवणं तर विचारूच नका. नाशिकमध्ये कॉलेज रोडला कुठंही मान वर करून बघा, एसी क्लासच्या फ्लेक्सवर हसणारी पोरं दिसतात. तिथं प्रोजेक्टाइल मोशन दोन तासांत उरकतात. चार सूत्रं पाठ, संख्या घाला, पर्याय निवडा, पुढे चला. आमचे साडू दिवाळीपर्यंत चेंडू खाली येऊ देत नाहीत. प्रत्येक गणितात वर्गसमीकरण मांडायचं, दोन उत्तरं काढायची, दोन्हींना अर्थ विचारायचा. चेंडू एकाच उंचीवर दोनदा असतो, एकदा जाताना आणि एकदा येताना, म्हणून दोन उत्तरं. एक उत्तर ऋण आलं तरी ते लगेच खोडायचं नाही, ते काय म्हणतंय ते ऐकून घ्यायचं आणि मग मानानं खोडायचं. मी एकदा म्हटलं, "सर, अहो एका ओळीचं सूत्र आहे ना, हवेत किती वेळ राहील त्याचं. माझ्या पुतणीला तोंडपाठ आहे." ते म्हणाले, "आहे की. पण ते सूत्र सपाट मैदानावर चालतं. जिथून फेकलं त्याच पातळीवर पडलं पाहिजे. आमच्या पोरांची घरं टेकाडावर, शेतं खाली. त्यांच्याकडे सपाट काय आहे?" त्यांची मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, अकरावीत सगळं इंग्रजी झाल्यावर भेदरलेली. साडू पहिल्याच दिवशी फळ्यावर इंग्रजी समीकरण लिहून सांगतात, "घाबरू नका. हे तुमचं दहावीतलंच वर्गसमीकरण आहे. फक्त गणवेश बदललाय."

आता खरं दुखणं सांगतो. हा माणूस एकोणीस वर्षं त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होता. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे शिक्षक, सुट्टीत कोणीच नाही. दर जूनला नव्यानं अर्ज, नव्यानं नेमणूक. स्टाफरूममध्ये शिक्षकांच्या नावांचा रंगवलेला फळा आहे, त्यावर एकोणीस वर्षांत यांचं नाव लागलेलं नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी त्याच कॉलेजात कायम शिक्षिका होऊन आली, तिचं नाव लागलं. साडूंनीच शिडी धरली होती म्हणे, पेंटर लिहीत असताना. आणि मग या वर्षी फिजिक्सची एक पूर्णवेळ जागा मंजूर झाली. मे महिन्यात मुलाखती. साडूंचं वय अटीत बसत होतं ते याच वर्षापर्यंत. पुढच्या वर्षी जागा निघाली तरी अर्ज करता येणार नव्हता. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, कायम झाल्यावर घालायचा म्हणून एक शर्ट कधीचा शिवून ठेवला होता. तो कपाटातून काढला तर दंडात घट्ट झाला होता. त्यांनी रात्रीतून शिवण उसवून सैल केला आणि सकाळी इस्त्री करून दिला.

मी रजा टाकून माझी गाडी काढली. साडूंनी डिकीत दोन विटा ठेवल्या. मी विचारलं नाही. विचारून माझा रक्तदाब वाढण्यापलीकडे काही होत नाही. पिंपळगावचा टोलनाका येईपर्यंत मी त्यांना समजावत होतो. "सर, वीस मिनिटांचा पाठ आहे. वीस. बाण मनातल्या मनात काढा. समितीला सूत्रं आवडतात, सूत्रं द्या. आणि तुमचा पाठ सगळ्यांत शेवटी आहे, तो झाला की लगेच मुलाखती. मुलाखतीच्या यादीत मात्र पहिलं नाव तुमचं आहे. तीन हाकांत आत गेलं नाही तर गैरहजर धरतात." ते प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे" म्हणत होते. हा माणूस बरोबर आहे म्हणतो तेव्हा त्याचं लक्ष कुठंतरी पडणाऱ्या वस्तूवर असतं, हे मी ओळखायला हवं होतं. वडाळीभोईच्या पुढे एका बांधकामावर मजूर खालून वर विटा फेकत होते. साडूंनी गाडी थांबवायला सांगितली नाही एवढीच कृपा, पण मान मात्र मागे वळेल तेवढी वळवली.

सुट्टीमुळे कॉलेज ओस पडलेलं. पाठासाठी मुलं पाहिजेत म्हणून आसपासच्या गावांतली आठ-नऊ मुलं फोन करून बोलावली होती. वर्ग भरलेला दिसावा म्हणून शिपायानं मलाही शेवटच्या बाकावर बसवलं. पन्नाशीच्या घरात आलेला मी, समोर वही घेऊन, अकरावी सायन्स. तिघांची समिती खुर्च्यांवर बसली. बाकीच्यांचे पाठ झाले, साडूंची पाळी आली. त्यांनी नमस्कार केला, आणि बाण काढला. मी घड्याळ बघितलं.

पण पुढची दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. त्यांनी शिपायाला टेबलावर उभं केलं. हा शिपाई पूर्वी गवंड्याच्या हाताखाली असायचा, हे साडूंना ठाऊक होतं. साडू स्वतः शिकत असताना उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत सिडकोत बांधकामांवर विटा फेकायचं काम करत, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी खालून वीट फेकली आणि शिपायानं ती वर अलगद घेतली. समितीच्या तिन्ही खुर्च्या मागे सरकल्या. "बघा," साडू मुलांना म्हणाले, "यानं वीट झेललीच नाही. वीट वर जाऊन जिथं क्षणभर थांबते तिथं ती नुसती उचलून घेतली. आता मी जोर जास्त लावला तर वीट याच्या हातासमोरून दोनदा जाईल, वर जाताना आणि खाली येताना. समीकरणाला दोन उत्तरं. जोर कमी लावला तर वीट पोचणारच नाही, वर्गमुळाखाली ऋण संख्या येईल, उत्तरच नाही. आणि जोर नेमका लावला तर दोन्ही उत्तरं एकच होतात. गवंडी रोज हे करतो. त्याला कोणी पेपर दिला नाही एवढंच." मुलं हसत होती. आणि मी, दहावीत गणितात कसाबसा काठावर पास झालेला मी, वहीत लिहीत होतो. विवेचक शून्य म्हणजे काय ते मला त्या वयात त्या बाकावर कळलं. समितीतले विषयतज्ज्ञसुद्धा मान हलवत होते. मला वाटलं, झालं, जिंकलो.

मग तज्ज्ञांनी एक गणित घातलं. वीस मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला पंधरा मीटर वेगानं सरळ वर फेकला, तर जमिनीवर किती सेकंदांनी पडेल. साडूंनी ते मुलांना सोडवायला दिलं, स्वतःही फळ्यावर मांडलं. वर धन, म्हणून जमीन उणे वीसवर. गुरुत्व त्वरण दहा धरलं, उत्तर चार सेकंद. घंटा झाली. वेळेत झालं होतं, अगदी वेळेत. समिती उठली आणि शेजारच्या केबिनमध्ये मुलाखती घ्यायला गेली. एवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, मला नाय समजलं. माझं उत्तरच येत नाय."

मी मागून खुणा केल्या. हातानं दार दाखवलं. साडू तिच्या वहीपाशी जाऊन बसले.

"मुळाखाली उणे सात येतंय सर," ती म्हणाली. "दर टायमाला असंच होतं माझं. मी तर आर्ट्सला जायचं म्हणतेय आता. आमच्या घरी पण म्हणतेत, सोडून दे."

शिपायानं दारातून साडूंचं नाव पुकारलं. साडूंनी एक बोट वर केलं, एक मिनिट अशा अर्थानं. मग मुलीला म्हणाले, "उणे सात आलं म्हणजे तू चुकलीस असं नाही. म्हणजे गणित तुला काहीतरी सांगतंय. तू जमीन कुठं लिहिलीस?"

"वीस."

"अधिक वीस की उणे?"

"अधिक."

"मग तू चेंडूला काय सांगितलंस?"

मुलीनं वहीतल्या वीसवर बोट ठेवलं. शिपायानं दुसऱ्यांदा पुकारलं. मी उठून साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, उठा. मी पाया पडतो. तिला फोनवर सांगा, संध्याकाळी सांगा." त्यांनी मान वर न करता माझा हात थोपटला. मी केबिनकडे धावलो. आतल्या गृहस्थांना हात जोडून म्हटलं की उमेदवार शेजारीच आहे, दोन मिनिटं थांबा. ते वाईट नव्हते. अजून सहा उमेदवार बाहेर बसले होते आणि त्यांना त्याच दिवशी आणखी एका गावाला पोचायचं होतं. ते थांबलेही. घड्याळ बघत पाच-सात मिनिटं थांबले. मी परत वर्गात आलो तेव्हा ती मुलगी फळ्यापाशी उभी होती. खडू तिच्या हातात होता आणि साडू तिच्या जागेवर, बाकावर बसले होते.

"मी चेंडूला गच्चीच्या पण वर वीस मीटर जायला सांगितलं," ती हळूहळू म्हणाली. "त्याचा तेवढा जोर नव्हताच. म्हणून उत्तर नाय आलं. सर, जमीन खाली हाय."

"जमीन खाली आहे," साडू म्हणाले. "आता मांड."

तिनं मांडलं. चार आलं. आणि तिसरी हाक होऊन गेली होती. ते केबिनच्या दारात पोचले तेव्हा पुढचा उमेदवार आत बसलेला होता आणि यादीत त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहून झालं होतं.

परतीच्या वाटेवर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. एकोणीस वर्षं, एक दार, आणि दारापासून दहा पावलांवर बसून या माणसानं ते बंद होऊ दिलं होतं. ओरडून घसा बसल्यावर मी विचारलं, "का उठला नाहीत तुम्ही?" ते बाहेर बघत होते. "तिचं चिन्ह चुकलं होतं, पाहुणे," ते म्हणाले, "अशी कशी सोडून उठू?" मग जरा वेळानं, अगदी हळू आवाजात, "मला वाटलं होतं ते थांबतील." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि ओझर येईपर्यंत तो पुसत राहिले. माझा राग तिथंच गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

त्या जागेवर दुसरे एक शिक्षक आले आहेत. तरुण आहेत, चांगले आहेत. साडू जूनपासून पुन्हा अर्ज देऊन तासांवर जातात. वयाची अट संपल्यामुळे आता आशा लावायचं कारण उरलं नाही, आणि घरात तो विषयही निघत नाही.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा ताई दारातच होत्या. आत पुरणाचा वास येत होता. साडूंनी चपला काढल्या आणि सरळ सांगितलं, "गैरहजेरी लागली." मग काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं, स्वतःची बाजू न घेता. ताई खुर्चीवर बसल्या. बराच वेळ हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिल्या. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला गेलो तर त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"त्या पोरीला समजलं का?" त्यांनी साडूंना विचारलं.

"समजलं."

"नक्की?"

"शेवटचं तिनं स्वतः मांडलं. मी हातसुद्धा लावला नाही."

ताई उठल्या. "मग हात धुवा," म्हणाल्या, आणि तीन ताटं घेतली. आम्ही जेवायला बसलो. मी मान खाली घालून जेवत होतो. एवढी वर्षं मी नोकरी केली, पण संध्याकाळी घरी गेल्यावर मला असा प्रश्न कोणी कधी विचारला नाही, आणि विचारला असता तर मला काय उत्तर द्यायचं ते सुचलं नसतं.